अडकलेला ऑक्सिजन सेन्सर

(मेल मोटर कार्यशाळेतील एका कुशल कारागिराने विभागीय अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळपासून वेतन, पेन्शन, रिक्त जागा हे विषय झाले. त्यांच्या रांगेत सायलेन्सरमधला सेन्सर कुठून आला, असे काहींना वाटले असेल. कारण साधे आहे. कार्यशाळेत वेळेवरून होणारी भांडणे, हाताच्या जखमा आणि ड्रायव्हर बंधूंना मिळणारे डिझेल-पेट्रोलचे मेमो या तिन्ही गोष्टी ह्या एका अंगठ्याएवढ्या वस्तूपाशी येऊन मिळतात. रेल्वेतल्या मित्रांकडेही रोड व्हेइकल्स आहेत. आणि ज्यांचा कार्यशाळेशी काही संबंध नाही अशा पोस्टमन बंधूंच्या स्वतःच्या स्कूटरला, ती २०२० नंतरची असेल तर, बहुधा हा सेन्सर आहेच.

आधी ही वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगतो. पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की काळा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड. जास्त झाली की इंजिन तापते, नायट्रोजनचे विषारी वायू वाढतात. कार्ब्युरेटरच्या काळात हे प्रमाण आपण स्क्रू फिरवून कानाने ठरवीत होतो. आता धुराच्या नळीत बसवलेला सेन्सर उरलेला ऑक्सिजन मोजतो आणि इंजिनाच्या संगणकाला कळवतो. आत झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनीमातीची, बोटाच्या टोकासारखी टोपी असते. ती तीनशे अंशांच्या वर तापली की तिच्या दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकामुळे वीज निर्माण होते: मिश्रण पातळ असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास, घट्ट असेल तर ०.९ च्या आसपास. जर्मनीतल्या बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ साली बाजारात आणला आणि स्वीडनच्या व्होल्व्हो गाडीत तो पहिल्यांदा बसला. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि सीसविरहित पेट्रोल मिळू लागले. २००० च्या फेब्रुवारीपासून ते देशभर झाले. सीसे गेले म्हणूनच सेन्सर टिकू शकला, कारण सीसे त्या टोपीवर बसून तिला मारून टाकते. पुढे भारत स्टेजचे नियम एकेक पायरी चढत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा सर्वत्र लागू झाले, तेव्हा दुचाकीही या जाळ्यात आल्या.

आता सेन्सर अडकतो का? बहुतेक मोटारींत त्याचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर अंतराचे असतात आणि डोके २२ मिलिमीटरच्या पान्याचे. सायलेन्सरच्या नळीला एक जाड नट वेल्ड केलेला असतो, त्यात तो बसतो. सेन्सरचे अंग स्टेनलेस पोलादाचे आणि नट बहुधा साध्या पोलादाचा. ही जागा रोज कित्येक वेळा लालबुंद होण्याच्या बेताने तापते आणि थंड होते. त्यात पाणी. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. पण सकाळी थंड गाडीच्या सायलेन्सरमधून ठिबकते ते हेच. सीएनजीत तर हायड्रोजनचे प्रमाण जास्त, म्हणून वाफही जास्त. आमच्या शहरातल्या व्हॅन थांबत थांबत चालतात: पेटी, उपकार्यालय, स्टेशन, पुन्हा पेटी. नळी पूर्ण सुकायला वेळच मिळत नाही. समुद्राकाठी खारी हवा आणि चार महिने पाऊस, मग तर बोलायलाच नको. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. आट्यांच्या फटीत तो फुगला की पाचर ठोकल्यासारखे होते. बसवताना साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर जोर लावलेला असतो. काढताना त्याच्या तिप्पट-चौपट लावूनही तो हलत नाही.

हे पर्मनंट वे मधल्या मित्रांना नवे नाही. रुळांच्या सांध्याच्या फिशप्लेटी तुम्ही थंडीच्या दिवसांत खोलता, ग्रॅफाइट आणि रॉकेलचा लेप लावता आणि पुन्हा बसवता. तो लेप नसेल तर सांधा जाम होतो. आमच्या सेन्सरला मात्र कोणी वर्षाकाठी विचारीत नाही. दिवा लागल्यावरच त्याची आठवण होते.

तेव्हा पहिला प्रश्न: सेन्सर काढायची खरेच गरज आहे का? ‘चेक इंजिन’ दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला असे समजणारे पुष्कळ आहेत आणि त्यांत आमचे काही साहेबही आहेत. स्कॅनर लावून कोड वाचा. पी ०१३५ हा कोड पुढच्या सेन्सरच्या हीटरचा आहे. तेव्हा प्लग सोडून मीटरने हीटर तपासा. चार तारांच्या पुष्कळ सेन्सरांत दोन सारख्या रंगाच्या, बहुधा पांढऱ्या, तारा हीटरच्या असतात. त्यांच्यात काही ओहम दाखवले तर हीटर जिवंत आहे, मग फ्यूज आणि वायरिंग पाहा. मीटर काहीच दाखवीत नसेल तर हीटर तुटला. पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, असा कोड आला तर बहुतेक वेळा बिचारा सेन्सर खरेच सांगत असतो: कुठला तरी होज फाटलेला असतो किंवा सेन्सरच्या अलीकडे सायलेन्सरचे गॅस्केट गळत असते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. चांगला सेन्सर गंजलेल्या आट्यांतून उपसून काढायचा, तो काढताना मोडायचा आणि नवा बसवल्यावर तोच कोड पुन्हा यायचा, हा प्रकार सरकारी पैशाचा आणि आपल्या हातांचा अपव्यय आहे.

सेन्सर गेलाच आहे असे ठरले की मगच पाना उचलायचा. गाडी सपाट जमिनीवर, चाकांना अडसर, आणि नुसत्या जॅकवर कधीही नाही. खाली घोडे लावल्याशिवाय डोके आत घालायचे नाही. डोळ्यांवर चष्मा. गाडीखाली उताणे पडून वर पाना ओढला की गंजाच्या खपल्या थेट डोळ्यांत येतात. १९४८ च्या कारखाना कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणासाठी ३५ वे कलम होते. आता त्याच्या जागी २०२० ची संहिता आली आहे. कायदे बदलले तरी डोळे तेच आहेत. चष्मा स्टोअरमध्ये नसेल तर तसे लेखी मागा आणि मागणीची प्रत ठेवा.

सेन्सरचा प्लग आधी सोडा. मग आट्यांच्या कडेला गंज सोडवणारे पातळ तेल द्या. नळी थंड असताना द्यायचे, आणि घाई नाही. संध्याकाळी गाडी आली की एकदा, जाण्यापूर्वी एकदा, सकाळी पुन्हा एकदा. तेल फटीतून आपोआप चढत जाते, पण त्याला रात्र लागते. दोन मिनिटांत फवारा मारून लगेच पाइप लावून ओढणारा कारागीर तेलही वाया घालवतो आणि डोकेही गोल करतो.

सकाळी सेन्सरच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. मोडण्यासाठी नव्हे, गंजाला तडा जाण्यासाठी. मग इंजिन पाच-सात मिनिटे चालू ठेवा. दारे उघडी असलेल्या जागेतच, कारण बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड न दिसता माणूस घेऊन जातो. इंजिन बंद करा, जाड चामड्याचे हातमोजे घाला आणि नळी गरम असतानाच पाना लावा. पाण्याचा थेंब चुरचुरेल इतकी गरम पुरे. आणि गरम नळीवर तेलाचा फवारा मारू नका. धूर तर होतोच, पेटही घेते.

पाना कोणता? बाजारात सेन्सरसाठी बाजूला खाच असलेला बॉक्स पाना मिळतो. वायर त्या खाचेतून बाहेर येते. सेन्सर पुन्हा वापरायचा असेल तर तो ठीक. पण खाच असल्यामुळे जोर आला की त्याचे तोंड उघडते आणि तो घसरतो. जुना सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर वायर सरळ कापून टाका आणि पूर्ण बंद, सहा कोनी २२ चा खोल बॉक्स पाना किंवा रिंग पाना लावा. बारा कोनी नको. माझ्या मते अडकलेल्या सेन्सरच्या बाबतीत निम्मे काम या एका निर्णयाने होते, आणि तरीही लोक वायर वाचवीत बसतात. लांब दांडा लावा, धक्का न देता जोर वाढवीत न्या. अंग असे ठेवा की पाना सुटलाच तर मूठ चासिसवर आपटणार नाही. शक्य असेल तर आपल्याकडे ओढा, ढकलू नका.

हलत नसेल तर आधी किंचित घट्ट करून पाहा, मग सैल. ऐकायला उलटे वाटते, पण गंजाची पकड दोन्हींकडून सुटते. एकदा हलला की आनंदाने फिरवत सुटू नका. पाव फेरा मागे, अर्धा पुढे, थोडे थंड झाल्यावर तेल, पुन्हा मागे-पुढे. गंजाचा चुरा आट्यांत दळला गेला तर स्टेनलेसचे आटे एकमेकांना चिकटतात आणि सेन्सर नटातले आटेच घेऊन बाहेर येतो. किरकिर ऐकू आली की थांबायचे.

एवढे करूनही जाम असेल तर ज्योत. आपले लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना काय करतात? धाव तापवतात, चाक नाही. रेल्वेच्या व्हील शॉपमध्ये चाकावर टायर चढवतानाही तेच. इथेही नट तापवायचा, सेन्सर नव्हे. १८ मिलिमीटरचे पोलादी भोक पाचशे अंशांनी तापले तर जेमतेम एक दशांश मिलिमीटरने मोठे होते. पण गंजाची पकड तोडायला तेवढे पुरते. नटाला भोवताली मंद लाल रंग आला की ज्योत काढा आणि लगेच पाना फिरवा. दोघेही सारखेच तापले तर फायदा नाही. सुटला नाही तर थंड होऊ द्या. तापण्या-निवण्याने गंज तडकतो. जुने कारागीर गरम आट्यांवर मेणबत्ती टेकवतात, मेण वितळून आत ओढले जाते. त्याला कोणी हसू नये, ते चालते.

पण ज्योत कुठे न्यायची नाही हे मी मोठ्याने सांगतो. गाडीखाली पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग, रबर यांच्याजवळ नाही. ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी नाही: त्यात क्लोरिनयुक्त द्रावक असेल तर आचेवर फॉस्जीन हा विषारी वायू होतो, जो पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरला होता. आणि सीएनजी गाडीखाली ज्योत न्यायचीच नाही. साहेबांनी सांगितले तरी नाही, गाडी दुपारच्या डाकेला हवी असली तरी नाही. तिथे नळी सोडून शिकंज्यात लावायची आणि गाडीपासून दूर नेऊन तापवायची. नळी सोडायला दोन-चार गंजके स्टड तुटतील. तुटू द्या. स्टड स्वस्त आहेत.

एअर इम्पॅक्ट पान्याबद्दल विचारले जाते. टाकायचा सेन्सर असेल तर चालेल, पण आतली चिनीमाती फुटून तुकडे नळीत पडतात आणि पुढे कन्व्हर्टर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम हे धातू. त्याची किंमत सेन्सरच्या कित्येक पट. मी शिकंज्यात काढलेल्या नळीवरच इम्पॅक्ट वापरतो, म्हणजे तुकडे झटकून टाकता येतात.

आटे खराब झाले तर १८ बाय १.५ चा टॅप फिरवा. जुन्या १८ मिलिमीटर स्पार्क प्लगचे आटेही तेच, त्यामुळे तो जुना टॅप कुठल्या तरी कपाटात सापडतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे चुरा त्यात अडकेल, आत पडणार नाही. आटे पूर्ण गेले तर नट कापून नवा वेल्ड करा. लेथवर तो करून घेता येतो; भोक साडेसोळा मिलिमीटरचे आणि मग टॅप. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार आणि इंजिनाच्या संगणकाचे प्लग सोडा. नटात जुना निकामी सेन्सर बसवून वेल्ड केले तर उष्णतेने आटे वाकडे होत नाहीत. आणि नटाचा कोन पाहा: सेन्सर आडव्यापेक्षा निदान दहा अंश वर झुकलेला हवा. नाहीतर वाफेचे पाणी टोपीत साचते आणि गरम होताच ती तडकते. बाहेरच्या कंत्राटी गॅरेजमध्ये हा नियम पाळलेला मी क्वचितच पाहिला.

नवा सेन्सर पहिले काही फेरे हातानेच फिरवा. आट्यांवर जाम न होणारा लेप बहुधा कारखान्यातूनच लावलेला येतो. नसेल तर निकेल किंवा तांब्याचा लेप फक्त आट्यांवर, टोकावर एक थेंबही नाही. सिलिकॉनचे सीलंट आसपास वापरू नका, त्याची वाफ सेन्सरला मारते. प्लगमध्ये तेल किंवा क्लीनर मारू नका. पुष्कळ सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या दोऱ्यांतून घेतात. म्हणूनच तार जोडायची वेळ आली तर डाग न देता दाबाची टिकली वापरतात. शेवटी टॉर्क पाना.

स्कूटरवाल्यांसाठी दोन शब्द. तिथे सेन्सर लहान, आटे बारीक आणि काही गाड्यांत ते थेट अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये असतात. वर सांगितलेला लांब दांडा आणि ज्योत तिथे अजिबात चालणार नाही. अॅल्युमिनियमचे आटे लोण्यासारखे निघून येतात. तेल, रात्रभर धीर, किंचित ऊब आणि आखूड पाना एवढेच. नाही सुटला तर जाणत्या माणसाकडे न्या.

आता संघटनेच्या दृष्टीने. एका कार्यशाळेत, नाव घेत नाही, जॉब कार्डवर या कामाला अर्धा तास लिहिलेला असे. तो न अडकलेल्या सेन्सरचा वेळ. अडकलेला असेल तर रात्र आणि सकाळ जाते. एका सहकाऱ्याने तो अर्धा तास पाळायचा म्हणून थंड सेन्सरला पाइप लावून झटका दिला. पाना घसरला, दोन बोटांची हाडे मोडली. चौकशीत ‘निष्काळजीपणा’ लिहिले गेले. सहा कोनी पाना स्टोअरमध्ये नव्हता, ही गोष्ट कागदावर कुठेच नव्हती, कारण मागणी तोंडी केलेली होती. प्रतिनिधींनी तो कागद फिरवून घ्यायला पुष्कळ चपला झिजवल्या.

म्हणून जॉब कार्डवर स्वतःच्या हाताने लिहा: आटे गंजलेले, तेल लावून ठेवले, अमुक वेळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहा. ड्रायव्हर बंधूंनी दिवा लागल्याची नोंद त्याच दिवशी लॉगबुकात करावी. सेन्सर बंद पडला की संगणक ठरावीक अंदाजाने पेट्रोल देतो, बहुधा जास्तच. अ‍ॅव्हरेज पडते आणि स्पष्टीकरण ड्रायव्हरला मागितले जाते. दिव्याची तारीख लॉगबुकात असेल तर त्या मेमोला एका ओळीचे उत्तर पुरते.

मागण्यांच्या यादीत तीन गोष्टी घालाव्यात असे माझे म्हणणे आहे: प्रत्येक कार्यशाळेत स्कॅनर आणि तो वापरण्याचे प्रशिक्षण, कारण आमच्यातले पुष्कळ जण कार्ब्युरेटरवर शिकले, गंजलेल्या कामासाठी वेगळा वेळ, आणि पावसाळ्यानंतरच्या मोठ्या सर्व्हिसिंगमध्ये सेन्सर एकदा सैल करून, आटे साफ करून, लेप लावून पुन्हा बसवणे. तिसऱ्या मुद्द्यावर मतभेद आहेत. चांगला सेन्सर उगाच हलवू नये, असे काही अनुभवी कारागीर म्हणतात. पाच वर्षे हात न लावलेल्या गाडीबाबत त्यांचे खरे आहे. पण नव्या गाडीपासून सुरुवात केली तर फिशप्लेटीसारखाच हाही जाम होणार नाही.

मागच्या शेडमध्ये एक जुनी नळी शिकंज्यात लावून ठेवली आहे, सेन्सर आतच आहे आणि काल संध्याकाळपासून त्यावर तीन वेळा तेल पडले आहे. चहा झाला की तिकडे या. चष्मे आठच आहेत, तेव्हा आठ-आठ जणांनी यावे.